कर्लमध्ये चालतं, मग ब्राउझरमध्ये का नाही?

वेबसाइटवरून ५०० एमबीचा व्हिडिओ अपलोड करायचा असेल, तर तो आधी आपल्या सर्व्हरवर घेऊन तिथून क्लाउडवर ढकलण्यात बँडविड्थ दुप्पट जाते. म्हणून हल्ली फाइल ब्राउझरमधूनच थेट अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड साठवणीतल्या बकेटमध्ये (फाइलींच्या कप्प्यात) पाठवतात. आपला सर्व्हर फक्त सही केलेली, ठरावीक मुदतीची यूआरएल देतो. (गुप्त की ब्राउझरच्या कोडमध्ये ठेवायची नाही, ती कोणालाही वाचता येते.) कर्ल या कमांड लाइनवरच्या टूलने त्या यूआरएलवर फाइल बिनबोभाट चढते. तीच रिक्वेस्ट ब्राउझरमधून केली की कन्सोलमध्ये लाल अक्षरांत कॉर्सची (क्रॉस-ओरिजिन रिसोर्स शेअरिंग) एरर.

कर्लला कॉर्स लागूच होत नाही. हा नियम ब्राउझर पाळतो. एका टॅबमध्ये बँकेत लॉगिन असताना दुसऱ्या टॅबमधल्या भलत्याच साइटच्या स्क्रिप्टला बँकेचं उत्तर वाचता येऊ नये, यासाठी नेटस्केपच्या काळापासून ब्राउझरांनी ही भिंत घातली आहे. प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट मिळून एक ओरिजिन होतं. तिन्हींपैकी एक जरी बदललं तरी साइट परकी. त्यामुळे लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ ही एकाच मशीनची नावं असली, तरी ब्राउझरच्या लेखी दोन वेगळी ओरिजिन्स आहेत. कॉर्स म्हणजे या भिंतीत सर्व्हरने स्वतःहून ठेवलेली दारं. एस-थ्रीमध्ये ही सोय २०१२ मध्ये आली, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने मानक म्हणून शिक्कामोर्तब केलं ते २०१४ मध्ये.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. कॉर्स रिक्वेस्ट अडवतं असं नाही. साधा गेट (माहिती मागणारी रिक्वेस्ट), किंवा फॉर्मसारखा पोस्ट (माहिती पाठवणारी), सर्व्हरपर्यंत पोचतो, तिथे कामही होऊन जातं. ब्राउझर फक्त उत्तर स्क्रिप्टच्या हाती देत नाही. म्हणून कॉर्सच्या भरवशावर एपीआयचं ऑथेंटिकेशन सैल ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

पुट (फाइल चढवणारी रिक्वेस्ट), डिलीट किंवा जेसन (मजकुराच्या साच्यातला डेटा) पाठवणारा पोस्ट असेल तर मात्र ब्राउझर आधी ऑप्शन्स ही चौकशीची रिक्वेस्ट पाठवतो: अमुक ओरिजिनवरून, अमुक मेथडने, अमुक हेडर (रिक्वेस्टसोबतची जादा माहिती) घेऊन येऊ का? यालाच प्रीफ्लाइट म्हणतात. होकार आला तरच खरी रिक्वेस्ट निघते. एस-थ्रीकडून होकार मिळवायला बकेटच्या परमिशन्स टॅबमध्ये जेसनमध्ये नियम लिहावा लागतो. अलाउड ओरिजिन्समध्ये आपल्या साइटचा पत्ता, मेथड्समध्ये पुट, हेडर्समध्ये कंटेंट-टाइप. ऑप्शन्स ही मेथड यादीत लिहायची नसते, लिहिली तर एस-थ्री तो नियमच नाकारतं. ओरिजिनच्या शेवटी तिरकी रेघ राहिली तर नियम जुळत नाही, कारण ब्राउझर ती पाठवतच नाही. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

बाकीच्या जरा लबाड असतात. नवीन बकेट दुसऱ्या रीजनमध्ये (भौगोलिक विभागात) असेल आणि यूआरएलमध्ये रीजन नसेल, तर एस-थ्री सुरुवातीला ३०७ हा स्टेटस कोड देऊन दुसरीकडे वळवू शकतं. प्रीफ्लाइटला वळण घेण्याची मुभा नाही, त्यामुळे एरर कॉर्सची दिसते. यूआरएलमध्ये रीजन घातलं की प्रश्न सुटतो.

मोठी फाइल तुकड्यांत चढवताना शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा लागतो, आणि शेवटी सगळे जोडायला प्रत्येकाचा ई-टॅग (एस-थ्रीने उत्तराच्या हेडरमध्ये दिलेली ओळखखूण) परत द्यावा लागतो. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये ई-टॅग ढळढळीत दिसतो, पण स्क्रिप्टला मात्र नल (काहीच नाही) मिळतं. परक्या ओरिजिनच्या उत्तरातले मोजकेच हेडर स्क्रिप्टला वाचता येतात. बकेटच्या नियमातल्या एक्सपोज हेडर्समध्ये ई-टॅग लिहिल्याशिवाय पर्याय नाही.

वैतागून काहीजण फेचला (जावास्क्रिप्टमधून रिक्वेस्ट करणाऱ्या फंक्शनला) नो-कॉर्स मोड लावतात. साध्या गेटची एरर जाते खरी, पण उत्तर अपारदर्शक होतं: स्टेटस शून्य, मजकूर रिकामा. त्यापेक्षा नियम बदलून पुन्हा तपासा. मात्र प्रीफ्लाइटचा जुना होकार ब्राउझर मॅक्स-एजनुसार (सर्व्हरने दिलेल्या मुदतीनुसार) लक्षात ठेवतो, क्रोममध्ये जास्तीत जास्त २ तास, फायरफॉक्समध्ये २४ तास. त्यामुळे काढून टाकलेली परवानगीही काही वेळ चालू असल्यासारखी वाटते.

सगळ्यात चकवणारा दोष कॅशचा (ब्राउझरने जपून ठेवलेल्या प्रतींचा). पानावर साध्या इमेज टॅगने फोटो दाखवला तर रिक्वेस्टमध्ये ओरिजिन हेडर जात नाही, म्हणून एस-थ्रीही कॉर्सचे हेडर न लावता उत्तर देतं. ते कॅशमध्ये बसतं. नंतर तोच फोटो कॅनव्हासवर कापायला फेचने मागवला की क्रोम कॅशमधली प्रत उचलू शकतो, तिच्यात हेडर नाहीत, आणि नियम बरोबर असूनही एरर येते. यावर इलाज म्हणजे इमेज टॅगलाच क्रॉसओरिजिन अ‍ॅट्रिब्यूट लावायचं. डेव्हलपरला हा दोष बहुधा दिसतच नाही, कारण डेव्हटूल्समध्ये त्याने ‘डिसेबल कॅश’वर टिक करून ठेवलेली असते.