पोक्सोच्या केसमधली नुकसानभरपाई, निकालाची वाट बघत बसू नका

लेकरावर अत्याचार झाला, किंवा त्यात लेकरू गेलंच, तर सरकारकडून नुकसानभरपाई मिळते हे आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. तरी अर्ज होत नाहीत, कारण कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की आधी निकाल लागू दे, मग बघू. हे साफ चूक आहे. पोक्सोचे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचे) 2020 चे नियम काढून बघा, नियम 9 मध्ये स्पष्ट लिहिलंय की एफआयआर झाल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर विशेष कोर्ट अंतरिम (निकालाआधीची तात्पुरती) भरपाई देऊ शकतं, अर्ज आल्यावर किंवा स्वतःहूनसुद्धा. आरोपी सापडला नाही, किंवा सुटला, तरी मुलाचं नुकसान झालंय असं कोर्टाला वाटलं तर भरपाई मिळते. आणि कोर्टाचा आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत सरकारने पैसे द्यायचे, असंही त्यातच आहे. प्रत्यक्षात किती दिवस लागतात ते विचारू नका.

अर्ज दोन ठिकाणी करता येतो. एक म्हणजे विशेष कोर्ट, तिथे सरकारी वकिलांना सांगायचं. दुसरं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, ते बहुतेक जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं. अत्याचारपीडितांना मदत देणाऱ्या, महाराष्ट्रात 2013 पासून चालू असलेल्या मनोधैर्य योजनेचं कामही आता तिथूनच चालतं. मारहाणीत किंवा खुनात मूल गेलं आणि लैंगिक गुन्हा नाही, तरी याच प्राधिकरणाकडे जायचं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं (सीआरपीसी) कलम 357अ, तिच्या जागी आलेल्या नवीन बीएनएसएसमधलं कलम 396. वकील फुकट मिळतो. बाई आणि मूल यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, म्हणून कोणी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणायला पिटाळलं तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 दाखवा आणि हलू नका. फुकट कायदेशीर मदतीचा फोन नंबर 15100.

कागद साधेच लागतात: एफआयआरची प्रत (फिर्याद देणाऱ्याला ती फुकट द्यावी लागते, झेरॉक्सचे पैसे मागतात ते देऊ नका), मेडिकलचे पेपर, आधार, पासबुक, वयाचा पुरावा. मूल गेलं असेल तर मृत्यू दाखला आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्ट.

अडतं ते वयाच्या पुराव्यावर. शाळेतला जन्मदाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट आधी बघतात, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. हा क्रम बाल न्याय कायद्याच्या कलम 94 मधला आहे, तो लक्षात ठेवा, कारण काही जण थेट तपासणीलाच पाठवतात. ऊसतोडीला गेलेल्या घरात शाळेच्या रजिस्टरमधलं नाव एक, आधारवर दुसरंच, असं सर्रास असतं, त्यासाठी दोन्ही नावं एकाच मुलाची आहेत असं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडून टाका, त्रुटी निघायची वाट कशाला बघायची.

दुसरी अडचण बँकेचं खातं. खातं मुलाच्या नावावर लागतं आणि घरात असतं फक्त आईचं जनधन. अज्ञान (18 च्या आतल्या) मुलाचं खातं पालकासोबत उघडता येतं. पण बापच आरोपी असेल, किंवा आरोपीच्या बाजूने फिरला असेल, तर पालक म्हणून त्याचं नाव चुकूनही लावू नका, पुढे फार त्रास होतो. नाल्साच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) 2018 च्या भरपाई योजनेत मुलाच्या रकमेपैकी 80 टक्के एफडीत जातात, मूल 18 चं होईपर्यंत आणि कमीत कमी तीन वर्षं. लोक इथे चिडतात, आमचे पैसे अडकवले म्हणून. शिक्षण, औषधपाणी यासाठी प्राधिकरणाच्या परवानगीने मधेच काढता येतात, कारण आणि बिलं जोडून अर्ज द्यायचा. रकमेची रेंज त्या योजनेत बलात्कारासाठी 4 ते 7 लाख, मृत्यूसाठी 5 ते 10 लाख, पीडित अज्ञान असेल तर मर्यादा 50 टक्क्यांनी जास्त. सुप्रीम कोर्टाने पोक्सोच्या कोर्टांनाही ही योजना मार्गदर्शक म्हणून वापरायला सांगितलंय.

मूल गेलेल्या आईबापाकडे वारस दाखला मागतात. तो काढायला महिनोन्महिने जातात आणि माणूस तिथेच सोडून देतो. त्या योजनेत आई, वडील आणि आजीआजोबांचंही नाव अवलंबितांमध्ये सरळ लिहिलेलं आहे, आणि कोण अवलंबित हे प्रांताच्या अहवालावरून किंवा प्राधिकरणाच्या स्वतःच्या चौकशीवरून ठरवता येतं. तेव्हा "चौकशी करून ठरवावे" असं अर्जातच लिहा.

अर्जाची मुदत. तीन वर्षं म्हणजे घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून, पण लोक फक्त पहिलं ऐकतात आणि घरी बसतात. उशीर झाला तरी कारण सांगून माफ होऊ शकतो.

आता एक नाजूक गोष्ट. लेकरू गेलं की गावात कॅन्डल मार्च निघतो, चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर शाळेच्या ड्रेसमधला फोटो आणि खाली पूर्ण नाव, वर भाऊ-दादांचे फोटो त्याहून मोठे. माया समजते (भाऊ-दादांची नाही), पण अत्याचाराच्या केसमध्ये नाव, फोटो, शाळा, पत्ता काहीही छापणं गुन्हा आहे, मूल हयात नसलं तरी. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मृत पीडितेचं नाव घरच्यांच्या संमतीनेसुद्धा उघड करता येणार नाही, तसं खरंच कारण असेल तर सत्र न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागेल. मार्च काढा, मेणबत्त्या लावा, फोटो छापू नका. व्हॉट्सअप स्टेटसलाही हेच लागू. आणि शेजारच्या घरात असं काही चाललंय हे कळलं तर 1098 ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन करा. पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला, ही सबब चालत नाही.

अर्ज देताना पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते, नंतर लेखी स्मरणपत्र द्या. नाकारला तर तोंडी "होत नाही" ऐकून उठू नका, लेखी आदेश मागा, कारण राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अपील करायला 30 दिवस असतात आणि हातात आदेशाचा कागद नसेल तर अपील करणार कशाच्या जोरावर.