मांजराचे केस गळतात की ते स्वतःच चाटून काढते?

विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरात मांजर असते ते मुख्यतः धान्याच्या पोत्यांची आणि कुटाराच्या ढिगाची उंदरांपासून राखण करण्यासाठी. ते दिवसा ओसरीवर, दुपारी कुटारात आणि रात्री गुरांच्या कोठ्यात असते, त्यामुळे त्याच्या अंगाकडे बारकाईने पाहण्याची वेळ सहसा येत नाही. मग एके दिवशी पाठीचा मागचा भाग उघडा पडलेला दिसतो, मानेवर खपल्या हाताला लागतात आणि घरातले कोणीतरी करंजाचे तेल, हळद, रॉकेल किंवा गुरांच्या गोचिडांसाठी आणलेले औषध लावून मोकळे होते. यांतले काही उपाय केवळ निरुपयोगी आहेत, काही मांजराचा जीव घेऊ शकतात. आणि मूळ कारण काय, हा प्रश्न तसाच राहतो. खाज आणि केस जाणे ही लक्षणे आहेत, रोग नव्हे. डझनभर वेगवेगळ्या कारणांनी ती सारखीच दिसतात, म्हणून कारण शोधण्याचा क्रम ठाऊक असणे हे औषधाच्या नावाहून अधिक मोलाचे आहे.

पहिला प्रश्न असा की केस आपोआप गळत आहेत, की मांजर ते स्वतः चाटून तोडत आहे? मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले कठीण काटे असतात आणि सतत चाटत राहिले तर तीच जीभ केस मुळापाशी तोडते. खाज सुटलेले कुत्रे सर्वांसमोर खाजवते. मांजर बहुधा एकांतात चाटते, आणि म्हणूनच ‘आमचे मांजर खाजवत नाही, तरी केस गेले’ असे मालक प्रामाणिकपणे सांगतात. उघड्या जागेवरून केसांच्या उलट दिशेने बोट फिरवल्यावर बारीक खुंट टोचत असतील, तर केस तुटलेले आहेत असे समजावे. पशुवैद्यक त्या जागेचे काही केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात: टोक निमुळते आणि अखंड असेल तर केस गळतो आहे, टोक तुटके असेल तर चाटला जातो आहे. विष्ठेत किंवा उलटीत केसांचे पुंजके सापडणे हाही चाटण्याचाच पुरावा. मात्र डोळा आणि कान यांच्यामधली विरळ केसांची पट्टी बहुतेक मांजरांत नैसर्गिकच असते. तिच्यावर औषध लावण्याचे कारण नाही.

केस चाटून तुटत असतील तर सर्वांत आधी पिसवांचा विचार करावा, अगदी एकही पिसू दिसत नसली तरीही. मांजराच्या अंगावर आढळणारी पिसू रक्त पिताना आपली लाळ त्वचेत सोडते, आणि ज्या मांजराला त्या लाळेची ॲलर्जी झालेली असते त्याला दोन-चार चावेही अनेक दिवस खाजवत ठेवतात. शेपटीच्या बुडाशी, मांड्यांच्या मागे आणि पोटावर केस जातात. पाठीवर हात फिरवला तर रवा सांडल्यासारख्या बारीक खपल्या लागतात. पिसू मात्र सापडत नाही, कारण चाटता चाटता मांजर तिला गिळून टाकते. यावर एक सोपी परीक्षा आहे. मांजराला पांढऱ्या कागदावर उभे करून बारीक दातांच्या फणीने विंचरावे आणि पडलेले काळे कण ओल्या कापसावर ठेवावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेले रक्त. शेपटीखाली किंवा झोपण्याच्या जागी तांदळाच्या आकाराचे पांढरे तुकडे दिसले तर गिळलेल्या पिसवांतून पोटात गेलेला फीतकृमी वाढला आहे असे समजावे.

पिसवांचा बंदोबस्त बहुधा जिथे फसतो ती जागा मांजराचे अंग नव्हे, तर त्याची झोपण्याची जागा असते. मादी पिसू दिवसाला 40 ते 50 अंडी घालते. ती अंगाला चिकटून राहत नाहीत, मांजर जिथे झोपते तिथे गळून पडतात. त्यातून निघणारी अळी उजेड टाळते आणि जमिनीच्या भेगांत, बारदानाच्या घड्यांत, कुटाराच्या तळाशी जाऊन कोष करते. कोषातली पिसू काही महिने थांबू शकते आणि जवळपास हालचाल, उष्णता किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर येते. कामासाठी गावाबाहेर राहून आलेल्या कुटुंबाने बंद घर उघडताच पायांवर पिसवा चढतात, त्याचे कारण हेच. एखाद्या घरातल्या सर्व पिसवा अंडी, अळ्या आणि कोषांसह मोजल्या, तर जनावराच्या अंगावरचा वाटा साधारण 5 टक्केच भरतो असे मानले जाते.

हवामानाचा इथे थेट संबंध आहे. हवेतील आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली गेली किंवा तापमान 35 अंश सेल्सिअसच्या पुष्कळ वर राहिले तर अळ्या जगत नाहीत. अकोला किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, उघड्या अंगणात त्या वाचणे कठीण. पण कोठ्यातल्या ओलसर, सावलीच्या कोपऱ्यात त्या तग धरतात आणि पाऊस सुरू झाला की त्यांची संख्या झपाट्याने वाढते. त्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस गोधड्या, बारदाने आणि मांजराच्या बसण्याच्या चिंध्या कडक उन्हात दिवसभर पसरणे, कोठ्याचे कोपरे झाडून तो कचरा जाळणे ही जुनी सवय शास्त्राच्या दृष्टीनेही योग्य आहे. हीच पिसू कुत्र्याच्या, शेळीच्या आणि वासराच्या अंगावरही राहते, म्हणून एकट्या मांजरावर उपचार केले तर काही आठवड्यांत सारे पूर्ववत होते. घरातल्या प्रत्येक जनावरावर त्याच्या जातीला योग्य असे औषध सलग निदान आठ आठवडे चालवल्यानंतरच ‘पिसवा कारण नव्हत्या’ असे म्हणता येते. हा धीर बहुतेक जण धरत नाहीत, आणि माझ्या मते निदानातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

केस चाटले न जाता गळत असतील, विशेषतः पिल्लांच्या तोंडावर, कानांवर किंवा पुढच्या पायांवर गोल, खवलेदार चट्टे असतील, तर गजकर्णाची शंका घ्यावी. हा बुरशीचा रोग आहे. ‘मायक्रोस्पोरम कॅनिस’ ही त्याची मांजरांतली नेहमीची बुरशी, आणि ती माणसालाही लागते. घरातल्या मुलांच्या हातांवर किंवा मानेवर लाल कडांची वर्तुळे आहेत का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी 1903 साली केवळ अतिनील किरण जाऊ देणारी काच तयार केली आणि 1925 पासून त्या प्रकाशाचा उपयोग केसांतली बुरशी ओळखण्यासाठी होऊ लागला. ती काच बसवलेल्या दिव्याला ‘वुडचा दिवा’ म्हणतात आणि त्याखाली मायक्रोस्पोरमग्रस्त केस हिरवट चमकतात. चमक केसाच्या दांड्याची असावी लागते. खवल्यांची किंवा मलमाची चमक गृहीत धरता येत नाही. हळदही अतिनील प्रकाशात पिवळसर हिरवी चमकते, त्यामुळे तपासणीला नेण्याआधी हळद लावली तर डॉक्टरांची दिशाभूल होऊ शकते. शिवाय प्रत्येक रोगट केस चमकतोच असे नाही. शंका राहिली तर केस आणि खवले प्रयोगशाळेत वाढवून पाहावे लागतात आणि त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. गळलेल्या केसांतले बीजाणू, म्हणजे बुरशीची सूक्ष्म बीजे, दीड वर्षापर्यंत जिवंत राहू शकतात, म्हणून अंथरुणाची स्वच्छता हा उपचाराचाच भाग आहे.

खरजेची ओळख त्या मानाने सोपी आहे. मांजरांतल्या खरजेचा किडा कानाच्या कडेपासून सुरुवात करतो. तिथे राखाडी, जाड पापुद्रे धरतात आणि ते कपाळ, पापण्या, मान असे पसरत जातात. खाज असह्य असते, मांजर वाळते आणि एकमेकांना चाटणाऱ्या मांजरांत रोग भराभर फिरतो. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की किडे बहुधा विपुल दिसतात. कानाच्या आत काळी, कोरडी घाण साठून मांजर डोके झटकत असेल तर तो वेगळा, कानातच राहणारा किडा असतो.

भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांत पाणी साठले की आणखी एक कारण पुढे येते, ते म्हणजे डास. काही मांजरांना डासांच्या चाव्यांची ॲलर्जी असते आणि जिथे केस कमी तिथे, म्हणजे नाकाच्या दांड्यावर आणि कानांच्या पाळ्यांवर, फोड व खपल्या येतात. रात्री मच्छरदाणीत किंवा जाळीच्या खोलीत ठेवल्यावर आठवडाभरात फरक पडला तर निदान जवळपास नक्की होते. पांढऱ्या मांजराच्या कानांची टोके मात्र दर उन्हाळ्यात लाल होऊन सोलत असतील आणि जखम भरत नसेल, तर तातडीने दाखवावे. उन्हाने होणाऱ्या त्या दाहातून पुढे कर्करोग होऊ शकतो.

हे सारे वगळल्यावरच अन्नाच्या ॲलर्जीकडे वळावे. तिच्यासाठी रक्ताची भरवशाची चाचणी नाही. मांजराने पूर्वी न खाल्लेला एकच आहार किमान आठ आठवडे द्यायचा आणि खाज थांबली तर जुना आहार पुन्हा देऊन ती परतते का ते पाहायचे, एवढाच मार्ग आहे. शेजारी दूध पिणाऱ्या आणि शेतात उंदीर मारणाऱ्या मांजरावर तो राबवणे फार कठीण, म्हणून तो शेवटी ठेवलेला बरा. ‘मांजराला ताण आहे म्हणून चाटते’ हा निष्कर्षही असाच सावकाश काढावा. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मानसिक कारणाने चाटत असल्याचा संशय असलेल्या 21 मांजरांची कसून तपासणी केली असता 16 जणांत केवळ शारीरिक कारण सापडले. तिघांत दोन्ही कारणे होती आणि निव्वळ मानसिक कारण फक्त दोघांत निघाले.

दोन गोष्टींपासून मांजराला वाचवणे अत्यंत आवश्यक आहे. पहिली, कारण न शोधता दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी असेल तर ती बळावते, पिसवा तशाच राहतात आणि वारंवार दिल्यास मांजराला मधुमेह होण्याचा धोका असतो. दुसरी गोष्ट अधिक भयंकर आहे. कपाशीवर फवारायचे किंवा गुरांच्या गोचिडांसाठीचे सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन, तसेच कुत्र्यांच्या पिसवांवरचे परमेथ्रिन, ही मांजरासाठी विषे आहेत. अनेक रसायने निकामी करणारे एक विकर (एन्झाइम) मांजराच्या यकृतात काम करत नाही, कारण त्याचे जनुकच निष्क्रिय झालेले आहे. फिनेलमधली फिनॉलवर्गीय द्रव्येही त्यामुळेच त्याला बाधतात. असे काही लावल्यावर कान फडफडणे, लाळ, थरथर किंवा झटके दिसले तर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने अंग धुवावे, मांजराला उबदार ठेवावे आणि औषधाचे वेष्टन सोबत घेऊन विनाविलंब दवाखाना गाठावा.

साध्या खाजेसाठी जातानाही आधी अंगाला काही लावू नये व आंघोळ घालू नये. त्रास कोणत्या महिन्यात सुरू झाला, आधी खाज आली की आधी केस गेले, घरात आणखी कोणती जनावरे आहेत, माणसांपैकी कोणाला चट्टे आहेत का, आजवर काय काय लावले, ही माहिती आणि सुरुवातीच्या डागांचे मोबाइलवरचे फोटो डॉक्टरांना दाखवावेत. गावच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक किंवा वुडचा दिवा नसेल तर उपटलेले केस आणि खवले स्वच्छ कोरड्या कागदाच्या पाकिटात घालून पुढे तपासणीला पाठवता येतात. बुरशीच्या तपासणीसाठी प्लॅस्टिकची बंद पिशवी टाळावी, कारण आतल्या ओलाव्याने इतर जंतू वाढून नमुना बिघडतो.