शैक्षणिक प्रायोजकत्व (केनिया)

शैक्षणिक प्रायोजकत्व (केनिया) : गरीब वा निराधार मुलाच्या शालेय खर्चाचा भार नात्याबाहेरच्या व्यक्तीने किंवा संस्थेने ठराविक काळासाठी उचलण्याची प्रथा. स्वाहिलीत अशा दात्याला म्फधिली (अनेकवचन वाफधिली) आणि शाळेच्या फीला कारो म्हणतात. मराठीत ‘शैक्षणिक पालकत्व’ व ‘दत्तक-पालक योजना’ हे शब्द रुळले आहेत. परंतु केनियातील या व्यवहारात दत्तकाचा विधी नसतो की कायदेशीर हक्क, म्हणून येथे ‘प्रायोजकत्व’ हा कोरडा शब्द पत्करला आहे. नैरोबीच्या बोलीत अलीकडे ‘स्पॉन्सर’ म्हणजे तरुणीचा खर्च चालवणारा वयस्क पुरुष, असाही अर्थ रूढ झाला आहे; या नोंदीशी त्याचा संबंध नाही.

उगम : प्रथेचा आरंभ कोठे धरावा याबद्दल एकवाक्यता नाही. एक मत पहिल्या महायुद्धानंतरच्या मदतकार्याकडे बोट दाखवते. एग्लंटाइन जेब यांच्या पुढाकाराने १९१९ मध्ये स्थापन झालेल्या सेव्ह द चिल्ड्रन फंडाने उपासमारीत सापडलेल्या युरोपीय मुलांसाठी एका दात्यामागे एक मूल अशी पद्धत वापरली. पुढे १९३७ मध्ये स्पॅनिश यादवीतील मुलांसाठी आणि १९३८ मध्ये चीनमधील अनाथांसाठी याच नमुन्यावर संस्था निघाल्या. दुसरे मत आणखी शंभर वर्षे मागे जाते. अमेरिकन बोर्डाच्या मिशनऱ्यांनी १८१६ नंतर सिलोनमधील जाफना भागात निवासी शाळा काढल्या. अमेरिकेतील दात्याने एका मुलाचा खर्च पाठवायचा आणि त्या मुलाला दात्याने सुचवलेले नाव द्यायचे, अशी तेथील रीत होती. याच बोर्डाचे पहिले परदेशी ठाणे १८१३ मध्ये मुंबईत पडले होते. ठराविक रक्कम, ठराविक मूल आणि दात्याला मिळणारा वृत्तान्त ही प्रायोजकत्वाची तिन्ही अंगे जाफन्यात एकत्र दिसतात, त्यामुळे दुसरे मत अधिक सबळ वाटते.

आफ्रिकी मुलांपुरते पाहिले तर एक धागा नाशिकपर्यंत येतो. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने गुलामवाहू गलबतांतून सोडवलेली अनेक मुले मुंबईत उतरवली जात. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली होती (१८५०चे दशक, नेमके वर्ष बहुधा १८५४). तेथे १८६०च्या सुमारास या मुलांसाठी आश्रम चालू झाला. अक्षरओळखीबरोबर सुतारकी, लोहारकी असे हातव्यवसाय शिकवले जात. आज नाशिककर ज्याला शरणपूर रोड म्हणतात, त्या रस्त्याच्या नावात ही वसाहत उरली आहे. येथून शिकून गेलेल्यांना पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात ‘बॉम्बे आफ्रिकन’ किंवा ‘नासिक बॉइज’ म्हणतात. जेकब वेनराइट हा त्यांपैकी एक. १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारल्यावर अंत्यविधीच्या प्रार्थना त्याने वाचल्या, झाडावर लेख कोरला आणि पुढच्या वर्षी तो शवपेटीबरोबर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला. जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर हे १८६४ मध्ये मोंबासाजवळच्या राबाई येथे पोहोचले आणि तेथील मिशनच्या कामात राहिले. शरणपूरचे काम पाहिलेले विल्यम सॉल्टर प्राइस यांनीच १८७५च्या सुमारास मोंबासासमोर फ्रेअरटाउन वसवले. हे नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून पडले. आश्रमाचा खर्च मिशनच्या वर्गणीतून भागे. एका मुलाला एक दाता असा हिशेब येथे नव्हता, त्यामुळे काटेकोर अर्थाने हे प्रायोजकत्व नव्हे. मात्र परक्याच्या पैशावर शिकलेले मूल परत जाऊन आपल्या मुलखात शिक्षक होते, ही पुढच्या काळातील अपेक्षा येथे प्रथम आकाराला आलेली दिसते.

हरांबे : स्थानिक परंपरेत मुलाची फी ही घराण्याची, क्वचित सगळ्या गावाची बाब होती. स्वातंत्र्यानंतर (१९६३) जोमो केन्याटा यांनी ‘हरांबे’, म्हणजे ‘सारे मिळून ओढू या’, ही राष्ट्रीय घोषणा केली आणि लोकवर्गणीतून शेकडो माध्यमिक शाळा उभ्या राहिल्या. एखाद्या मुलाला परदेशी वा वरच्या शाळेत पाठवण्यासाठी भरवलेल्या वर्गणीच्या मेळाव्यालाही हरांबेच म्हणतात. रेल्वे बांधणाऱ्या भारतीय मजुरांच्या ‘हर हर अंबे’ या आरोळीतून हा शब्द आला, असे केनियात वारंवार सांगितले जाते आणि मराठी वाचकाला ते पटकन पटतेही. परंतु १८९६ पासून युगांडा रेल्वेसाठी गेलेल्या सुमारे बत्तीस हजार मजुरांत पंजाबकडील लोक बहुसंख्य होते व त्यांत मुसलमानांचा भरणा मोठा होता. शिवाय ओझे ओढताना एका सुरात द्यायची हाक म्हणून हा शब्द किनारपट्टीच्या स्वाहिलीत नोंदलेला आहे. तेव्हा अंबेची व्युत्पत्ती लोकव्युत्पत्ती मानणे इष्ट.

संस्थात्मक रूप : वसाहतकाळाच्या अखेरीस परदेशी शिष्यवृत्त्यांना राजकीय रंग आला. औंधचे राजपुत्र आप्पासाहेब पंत १९४८ ते १९५४ या काळात नैरोबीत भारताचे प्रतिनिधी होते. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात पाठवण्याच्या कामात त्यांनी रस घेतला आणि गोऱ्या वसाहतवाल्यांचा रोषही ओढवून घेतला. कामगारनेते टॉम म्बोया यांनी १९५९ मध्ये भाड्याच्या विमानाने ८१ विद्यार्थी अमेरिकेला नेले. पुढच्या वर्षी केनेडी कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने एक लाख डॉलर दिले आणि १९६३ पर्यंत सुमारे आठशे विद्यार्थी या ‘एअरलिफ्ट’मधून गेले. पुढे शांततेचे नोबेल (२००४) मिळालेल्या वांगारी माथाई १९६०च्या तुकडीत होत्या व कॅन्ससमधील ॲचिसन येथे शिकल्या. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचे वडील थोरले बराक ओबामा हेही त्या पहिल्या विमानातून गेले, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते १९५९ मध्येच हवाईला गेले हे खरे, पण त्या विमानाने नव्हे. नंतर त्यांना एअरलिफ्टच्या प्रतिष्ठानाकडून काही साहाय्य मिळाले. गोंधळ त्यातून झाला असावा.

निराधार मुलांसाठीची सर्वांत नावाजलेली शाळा म्हणजे नैरोबीतील स्टारेहे बॉइज सेंटर. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माऊ माऊ उठावामुळे पुकारलेल्या आणीबाणीच्या अखेरीस शहरात भटकणाऱ्या मुलांसाठी जेफ्री ग्रिफिन यांनी जेफ्री गेटुरो व जोसेफ गिकुबू यांच्या साथीने नोव्हेंबर १९५९ मध्ये पत्र्याच्या दोन झोपड्यांत ती सुरू केली. बहुसंख्य मुलांचा खर्च देशी-परदेशी प्रायोजक देत आले. मुलींसाठीचे केंद्र २००५ मध्ये निघाले. ॲक्शनएड ही संस्था १९७२ मध्ये ८८ ब्रिटिश दात्यांनिशी सुरू झाली आणि तिची पहिली मुले भारत व केनिया या दोनच देशांतील होती. देशी भांडवलाचा मोठा प्रवेश बराच उशिरा, २०१० मध्ये, इक्विटी बँकेच्या प्रतिष्ठानाने ‘विंग्ज टू फ्लाय’ योजना आणली तेव्हा झाला. फी, गणवेश, पुस्तके, प्रवास व हातखर्च असे सगळेच तिच्यात धरले जाते.

फीची पायरी : प्रायोजकत्वाने काय बदलते हे समजण्यासाठी फी नेमकी कोठे आडवी येते ते पाहावे लागते. प्राथमिक फी १९७४ मध्ये खालच्या इयत्तांपुरती माफ झाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘खर्चात वाटा’ या धोरणाखाली ती वेगवेगळ्या नावांनी परतली. २००३ मध्ये म्वाई किबाकी सरकारने ती पुन्हा रद्द केली तेव्हा दहा लाखांहून अधिक नवी मुले वर्गांत आली. २००८ पासून माध्यमिक शिक्षणातील शिकवण्याचा खर्च सरकार देते. पण नामांकित माध्यमिक शाळा बहुतांशी निवासी आहेत आणि राहण्या-जेवणाचा खर्च पालकांवरच पडतो. २०१५च्या शासकीय दरपत्रकानुसार राष्ट्रीय दर्जाच्या निवासी शाळेचा पालकांचा वाटा वर्षाला ५३,५५४ शिलिंगपर्यंत होता. दुसऱ्याच्या चहाच्या मळ्यात पाने खुडणाऱ्या घराला तो झेपणारा नव्हे.

जुन्या रचनेत आठवीनंतर फॉर्म वनच्या, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या इयत्तेच्या, प्रवेशाचे पत्र येई आणि पत्राबरोबर यादी येई : लोखंडी ट्रंक, कुलूप, गादी, ब्लँकेट, दोन गणवेश, काळे बूट, भूमितीची पेटी, बादली. फीची जुळवाजुळव झाली तरी पुष्कळदा मूल या यादीपाशी अडते. प्रवेश मिळाल्यावरही सुटका नसते. वर्षात तीन सत्रे आणि प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला सकाळच्या परेडमध्ये हिशेबनीस थकबाकीदारांची नावे वाचतो. नाव आलेला मुलगा ओळीतून बाहेर पडतो, ट्रंक वसतिगृहातच ठेवतो आणि बसभाड्यापुरते पैसे असले तर बसने, नसले तर पायी घरी जातो. घरी पैसे नसतातच. चार-आठ दिवसांनी आई शाळेत येऊन अर्धी रक्कम भरते आणि पुढचा वायदा करते. अशा येण्या-जाण्यात सत्रातले दोन-तीन आठवडे सहज बुडतात. शाळेच्या खात्यात वेळेवर जमा झालेला प्रायोजकाचा धनादेश ही गळती थांबवतो. छायाचित्रे व पत्रव्यवहार यांचा प्रायोजकत्वाच्या वर्णनांत जेवढा बोलबाला असतो, तेवढा या साध्या पावतीचा नसतो.

उदाहरण म्हणून क्रिस म्बुरू यांचा वृत्तान्त नेहमी दिला जातो. मिताहातो या गावातील या हुशार मुलाची शाळेची फी हिल्डे बाक नावाच्या स्वीडिश बालवाडी-शिक्षिका भरत. रक्कम सत्राला सुमारे पंधरा डॉलर. म्बुरू नैरोबीत व नंतर हार्वर्डमध्ये कायदा शिकले, संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांच्या कामावर रुजू झाले आणि २००१ मध्ये त्यांनी दात्रीच्या नावाने शिक्षणनिधी काढला. तोवर त्यांची भेट झालेली नव्हती. स्वीडनच्या दूतावासामार्फत शोध घेतल्यावर कळले, की बाक या नाझी जर्मनीतून निसटलेल्या ज्यू निर्वासित होत्या आणि त्यांचे आईवडील छळछावण्यांत मेले होते. अर्थात अशी एक कहाणी म्हणजे पुरावा नव्हे; फी मिळूनही मधेच शाळा सुटलेल्या मुलांवर कोणी लिहीत नाही.

परिणामांचे मापन : पद्धतशीर अभ्यास उशिरा झाले. वायडिक, ग्लेवी व रटलेज यांनी २०१३ मध्ये कम्पॅशन या संस्थेच्या प्रायोजित मुलांचा सहा देशांतील (केनिया, युगांडा व भारत धरून) अभ्यास प्रसिद्ध केला. १०,१४४ व्यक्तींच्या माहितीवरून प्रायोजित मुले सरासरीने १.०३ ते १.४६ वर्षे अधिक शिकली आणि माध्यमिक शिक्षण पुरे होण्याची शक्यता १२ ते १८ टक्केबिंदूंनी वाढली, असा निष्कर्ष निघाला. मोठेपणी पगारी, बैठ्या नोकरीचे प्रमाणही अधिक आढळले. तुलना मुख्यतः त्याच घरांतील व वस्तीतील अप्रायोजित मुलांशी असल्याने निवडीचा दोष (मुळात अनुकूल मुलेच निवडली गेली असण्याची शक्यता) पूर्ण गेलेला नाही. तरी उपलब्ध पुराव्यांत हा सर्वांत विस्तृत होय.

याउलट पश्चिम केनियातील एका बालप्रायोजन कार्यक्रमात सोडतीने गणवेश वाटून पाहिले असता गैरहजेरी एक-तृतीयांशाहून अधिक घटली, पण आठ वर्षांनंतरच्या पाहणीत त्या मुलांच्या शिक्षणात टिकाऊ फरक दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष विसंगत नाहीत. एकदा दिलेली वस्तू हजेरी वाढवते. वर्षानुवर्षे चालू राहिलेली मदत पायरी ओलांडवते.

बुसिया व टेसो जिल्ह्यांत २००१ पासून सहावीच्या मुलींसाठी झालेल्या शिष्यवृत्तीच्या प्रयोगाचा (क्रेमर, मिगेल व थॉर्नटन) उल्लेख येथे आवश्यक आहे. वरच्या पंधरा टक्के मुलींना दोन वर्षे शाळेच्या फीसाठी ५०० व घरी साहित्यासाठी १,००० शिलिंग मिळत. बुसियात मुलींचे गुण वाढलेच, शिवाय शिष्यवृत्ती मिळूच न शकणाऱ्या मुलग्यांचेही वाढले. टेसोत मात्र २००१ मध्ये एका शाळेवर वीज पडून मुले दगावली. गावकऱ्यांनी त्या दुर्घटनेचा संबंध पैसे वाटणाऱ्या संस्थेशी जोडला आणि अनेक शाळा प्रयोगातून बाहेर पडल्या. परक्याने विनाकारण पैसा द्यावा याबद्दलचा संशय दात्यांच्या वाङ्मयात सहसा दिसत नाही, म्हणून ही नोंद मोलाची.

आक्षेप : एकाच मुलाची निवड झाल्याने भावंडांत व वर्गात तेढ येते, मुलाला कृतज्ञतेची पत्रे लिहावी लागतात आणि पत्रव्यवहार व देखरेख यांवरच बराच खर्च होतो, हे आक्षेप १९८०च्या दशकापासून घेतले जात आहेत. परिणामी अनेक संस्थांनी दात्याला मुलाचे नाव व छायाचित्र द्यायचे, पण पैसा साऱ्या वस्तीच्या कामावर खर्चायचा अशी तडजोड स्वीकारली. दात्याला हे लक्षात येतेच असे नाही. गुणांवर आधारलेल्या योजनांवरचा आक्षेप वेगळा आहे. विंग्ज टू फ्लायसाठी आठवीअखेरच्या केसीपीई परीक्षेत ५०० पैकी ३५० च्या आसपास गुण लागत. म्हणजे गरीब मुलांतही जी आधीच पुढे गेली आहेत, त्यांनाच हात मिळे. उत्तरेकडील तुर्काना, मांडेरा अशा पशुपालक प्रदेशांत मुळात शाळाच विरळ असल्याने तेथे असा निकष आणखी जाचक ठरतो.

केसीपीई परीक्षा २०२३ मध्ये शेवटची झाली. २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या नव्या अभ्यासक्रमात नववीनंतर उच्च माध्यमिक शाळा येते, त्यामुळे निवासी शाळेची फी भरण्याची वेळही एक इयत्ता पुढे सरकली आहे. शालान्त प्रमाणपत्र थकबाकीपोटी शाळेने अडवून ठेवणे २०१२च्या परीक्षा मंडळ कायद्याने बेकायदा ठरवले असले, तरी मुख्याध्यापकांच्या कपाटांत अशी प्रमाणपत्रे पडून असल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. काही माजी विद्यार्थी संघ आता नव्या मुलांच्या फीबरोबर ही जुनी थकबाकीही भरून प्रमाणपत्रे सोडवून आणतात.