कॅमेरा खोटं बोलतो, तेही 30 सेंटीमीटरवरून

‘कॅमेरा खोटं बोलत नाही’ हे आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. लोकलमध्ये दाराशी उभं राहून सेल्फी काढणारी दहावीतली मुलं याच भरवशावर ‘माझं नाक फेंदारलेलं आहे’ असं ठरवून टाकतात. हा गैरसमज आहे.

सेल्फी काढताना फोन साधारण 30 सेंटीमीटरवर असतो. नाक कानांपेक्षा लेन्सच्या बरंच जवळ, म्हणून ते फुगतं आणि कान मागे सरकतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासानुसार या अंतरावर नाक सुमारे 30 टक्के रुंद भासतं. दीड मीटरवर फरक जवळपास उरत नाही.

करून पाहा. आधी ब्यूटी मोड बंद करा. तो जबडा बारीक करतो, त्वचा गुळगुळीत करतो, मग तुलना फसते. फोन खिडकीच्या कठड्यावर टेकवा, टायमर लावा, दीड मीटर मागे जा. फोटो चेहऱ्यापुरता कापून सेल्फीशेजारी ठेवा.

दोष एकट्या लेन्सचा नाही. 1975 पासून विकल्या गेलेल्या ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातला गोरेपणा 2020 मध्ये गेला, गणपतीला आलेल्या आत्याचं ‘किती काळवंडलास रे!’ मात्र अजून घराघरांत ऐकू येतं. मुलग्यांनाही ते तितकंच लागतं, फक्त ते बोलत नाहीत. आत्याला तिथेच, मुलासमोर थांबवा.

मूल जेवण टाळू लागलं, वर्गाच्या फोटोलाही उभं राहीना, तर समुपदेशकाकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.