जुनी लाकूडकाम यंत्रे : घरगुती संग्रह आणि वाहतूक

कारखाने, रेल्वेची वर्कशॉप आणि लाकडाच्या वखारी यांतून बाहेर पडलेली जुनी, वजनदार लाकूडकाम यंत्रे विकत घेऊन ती घरच्या कार्यशाळेत पुन्हा चालती करण्याचा छंद. बँड सॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवत), चक्री करवत, रंधा मशीन, फळी एकसारख्या जाडीची करणारे थिकनेसर, लाकडाचा लेथ आणि चौकोनी भोक पाडणारे मॉर्टायझर ही यंत्रे यात मुख्यतः येतात. नाशिकच्या एका अंगाला सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत आहे, दुसऱ्या अंगाला पेठ-सुरगाण्याचा सागवानाचा पट्टा. त्यामुळे या छंदाला लागणारे जवळपास सगळे इथे हाताशी आहे : यंत्र, लाकूड, ओतकाम करणारे आणि लेथवर सुटा भाग करून देणारे कारागीर. अवघड असते ते यंत्र घरी आणणे. चाळीस-पन्नास वर्षे रोज राबूनही धड राहिलेले यंत्र जागेवरून हलवताना एका दुपारी मोडते. म्हणून या छंदात वाहतुकीला दुरुस्तीइतकेच, किंबहुना जास्तच महत्त्व द्यायला हवे.

या यंत्रांचा सांगाडा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. करड्या बिडात ग्रॅफाइटचे पापुद्रे असतात आणि ते कंप शोषून घेतात. पत्रा वाकवून केलेल्या हलक्या यंत्रांना ही स्थिरता येत नाही. ३६ इंची चाकांच्या जुन्या बँड सॉचे वजन एक टनाच्या आसपास भरते आणि नीट जुळवलेले असे यंत्र चालू आहे की बंद, हे टेबलावर हात ठेवून पटकन कळत नाही. पण हेच पापुद्रे बिडाला ठिसूळ करतात. बीड जेवढा दाब सोसते, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढाच ताण सोसू शकते. पोलाद आधी वाकते. बीड न वाकता थेट तुटते.

लाकूडकामाच्या यंत्रांचा इतिहास इंग्लंडमधून सुरू होतो. सॅम्युअल बेंथम यांनी १७९३ मध्ये रंधणे, करवतणे, भोके पाडणे अशा कामांच्या यंत्रांचे व्यापक पेटंट घेतले. त्यानंतर दहा-बारा वर्षांत मार्क ब्रुनेल यांची रचना आणि हेन्री मॉडस्ले यांची घडण यांतून पोर्ट्समथच्या गोदीत जहाजांच्या कप्प्या यंत्रांवर तयार होऊ लागल्या. बँड सॉची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची असली तरी पात्याचा जोड टिकत नसल्याने ती अडून राहिली. १८४६ मध्ये फ्रान्समध्ये पोलिन क्रेपँ यांनी जोडाची पद्धत सुधारल्यावर हे यंत्र वापरात आले. संग्राहकांमध्ये रॉचडेलची थॉमस रॉबिन्सन (स्थापना १८३८), लेस्टरची वॅडकिन (१८९७) आणि अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्सची ऑलिव्हर (१८९०) ही नावे मानाची आहेत. आपल्याकडे बटाला, लुधियाना, राजकोट इथली यंत्रे अधिक भेटतात. त्यांची घासाई ओबडधोबड असते, पण बीड भरपूर वापरलेले असते. नावाच्या मागे न लागता अशी यंत्रे घेणारा माणूस बहुधा लवकर कामाला लागतो.

नाशिकमध्ये जुनी यंत्रे निघण्याची एक महत्त्वाची जागा म्हणजे पॅटर्न शॉप. धातूचा भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, करावा लागतो आणि त्यासाठी अचूक करवत, रंधा आणि लेथ लागतात. पॅटर्नचे काम संगणकचलित यंत्रांकडे गेले की कोपऱ्यातले जुने यंत्र अडगळ ठरते. यंत्रांच्या निर्यातीसाठी लाकडी खोकी करणारे कारखाने आणि बंद पडलेल्या सॉ मिल या आणखी दोन जागा. सरकारी आणि रेल्वेचा माल लिलावात निघतो. उरलेले भंगारात जाते. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा मोठा भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये हटवला, त्यामुळे आता एकाच ठिकाणी फेरी मारून भागत नाही. भंगारवाल्याकडे यंत्राची किंमत वजनावर ठरते आणि बीड फोडून ते ओतशाळेकडे रवाना होते. त्यामुळे घेणाऱ्याला विचार करायला वेळ फार कमी मिळतो.

तरीही पाहणी टाळू नये. हातोडीने हलके ठोकल्यावर अखंड बीड खणखणते, तडा असेल तर बद्द आवाज येतो. शंका असेल तिथे डिझेल लावून पुसावे आणि वर खडू घासावा. तड्यात मुरलेले डिझेल खडूवर रेघ उमटवते. शाफ्टखाली लाकडी दांडा घालून उचलून पाहिल्यास बेअरिंगची झीज हाताला कळते. फार जुन्या यंत्रांत बॉल बेअरिंगऐवजी व्हाइट मेटल असते. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये पेटंट घेतलेला हा कथिलप्रधान मिश्रधातू पुन्हा ओतता येतो, म्हणून त्याची झीज हे यंत्र नाकारण्याचे कारण ठरत नाही. विलायती यंत्रांचे आटे बहुधा विटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे असतात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानांत अजून ‘चार सुती’, ‘सहा सुती’ (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बोल्ट मागून मिळतात, ही मोठी सोय आहे.

हलवण्याची सुरुवात सोडवण्यापासून होते. टेबल, मोटर, चाके आणि पात्याला आधार देणारे गाइड आधी काढावेत, प्रत्येक टप्प्याचे फोटो घ्यावेत आणि जोडांवर खुणा कराव्यात. यामुळे वजन उतरते आणि जे मोडण्याचा संभव जास्त ते वेगळे प्रवास करते. राहिलेला सांगाडा पायाच्या भोकांतून बोल्ट घालून दोन जाड लाकडी ओंडक्यांवर पक्का करावा. हे ओंडके पायापेक्षा बरेच रुंद हवेत, कारण बँड सॉचे वजन वरच्या अंगाला असते आणि तो थोड्याशा कलानेही आडवा होतो. मग पहारेने एक बाजू इंचभर उचलायची आणि लगेच तेवढा ठोकळा सारायचा. ठोकळा न घालता दुसऱ्यांदा उचलायचे नाही. दीड इंची जाड पाइपचे तुकडे खाली घातले की टनाचे धूड दोन-तीन माणसांच्या ढकलण्यावर सरकते. मागचा पाइप काढून पुढे घालणाऱ्याने तो टोकाला धरावा, खाली बोटे घालू नयेत.

उचलायचे झाल्यास पट्टा सांगाड्याच्या जाड भागाला घालावा. टेबल, शाफ्ट किंवा हँडव्हील धरून उचलणे म्हणजे ते मोडणे. पट्ट्याच्या दोन पदरांमधला कोनही पाहावा लागतो. ६० अंशांच्या कोनात प्रत्येक पदरावर वजनाच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो; तोच कोन १२० अंश झाला तर प्रत्येक पदरावर अख्खे वजन येते. चेन पुली तिपाईला टांगली असेल तर तिपाईचे पाय खाली साखळीने एकमेकांना बांधावेत, नाहीतर ते फाकतात. सगळ्या हालचालीत हाक एकाच मुकादमाची हवी. आणि यंत्र कलंडू लागलेच तर ते पडू द्यावे. हात लावून सावरण्याच्या नादात माणसे जायबंदी झाली आहेत. बीड पुन्हा ओतता येते.

टेम्पोत चढवण्यापेक्षा उतरवणे धोक्याचे. १० अंशांच्या उतारावर एक टनाचे यंत्र, घर्षण सोडता, सुमारे १७५ किलोच्या बळाने खाली ओढले जाते. म्हणून वरून मागे धरणारी चेन किंवा जाड दोर पाहिजे. समोर माणूस उभा करणे कधीही मान्य करू नये. मुंबईकडून येणाऱ्या मालाला कसारा घाट चढावा लागतो. तिथे वजन मागे सरकू पाहते, तेव्हा यंत्र रबरी चटईवर ठेवून चारही कोपऱ्यांनी रॅचेट पट्ट्यांनी आवळावे. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या बंगल्यापुढे हायड्रा क्रेन उभी राहू शकते. जुन्या नाशकातल्या गल्ल्यांत ती वळत नाही, म्हणून तिथे शेवटचा टप्पा पाइप आणि पहारेवरच पार पडतो. वाड्याचा उंबरठा फळ्यांच्या उताराने ओलांडावा आणि शहाबादी फरशीवर जाड प्लायवूड अंथरावे, नाहीतर फरशी फुटते.

जागा तळमजल्याचीच निवडावी. भारतीय मानकाप्रमाणे घराचा स्लॅब साधारणतः प्रति चौरस मीटर २०० किलो वापरभार धरून आखलेला असतो. टनाचे यंत्र चार छोट्या पायांवर वरच्या मजल्यावर ठेवणे धाडसाचे आहे. काळ्या मातीवरच्या शेडमध्ये जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, यंत्र पातळीतून जाते. तिथे मुरमाचा भराव आणि जाड काँक्रीट लागते. गोदाकाठी तर पुराचाही विचार करायला हवा. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावर पूर मोजणाऱ्या या शहरात २०१६ आणि २०१९ साली सराफ बाजार, भांडी बाजारापर्यंत पाणी आले होते.

बहुतेक मोटरी थ्री फेज, ४१५ व्होल्टच्या असतात. महावितरणकडून थ्री फेज जोडणी घेणे हा सरळ मार्ग. सिंगल फेजवर व्हीएफडी (सिंगल फेजवरून मोटरला थ्री फेज पुरवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) लावता येतो, पण मोटर २३० व्होल्टच्या डेल्टा जोडणीला चालणारी हवी. विलायती यंत्रे आपल्यासारख्याच ५० हर्ट्झसाठी बनलेली असतात. अमेरिकन ६० हर्ट्झची मोटर इथे पाच षष्ठांश वेगाने फिरते आणि मग पुली बदलावी लागते.

सुरक्षिततेत जुनेपणाचा मान ठेवू नये. हाताने लाकूड सारायच्या रंधा मशीनवर चौकोनी कटर ब्लॉक (पाती धरणारा फिरता ठोकळा) ब्रिटनने १९२२ च्या नियमांनी बंद केला, कारण त्याच्या सपाट बाजू आणि टेबल यांतल्या फटीत बोटे ओढली जात. असा ब्लॉक मिळाला तर तो संग्रहात ठेवावा, चालवू नये. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो सुका घासू नये. लाकडाची धूळ १९९५ पासून कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे. धूळ ओढणारा पंखा यंत्राबरोबरच बसवावा. गोल ओंडके चिरण्यासाठी वन विभागाचा परवाना लागतो, त्यामुळे घरच्या कार्यशाळेने चिरलेले लाकूडच आणावे. सागात सिलिका असते आणि ती पाती लवकर बोथट करते, म्हणून धार लावण्याची सोय घरीच असलेली बरी.

गहाळ झालेले हँडव्हील किंवा मोडलेला ब्रॅकेट नव्याने ओतून घेता येतो, आणि हा नाशिकचा खरा फायदा आहे. शाबूत भाग असल्यास त्यावरून, नसल्यास जुन्या छायाचित्रावरून लाकडी पॅटर्न करतात. बीड थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न फुटामागे सुमारे एक सूत मोठा धरतात. जिथे यंत्रकाम व्हायचे तिथे त्यापेक्षा जास्त जाडी सोडावी लागते. पॅटर्न एकदा झाला की दोन नग ओतून घ्यावेत. दुसऱ्या नगाचा खर्च थोडाच वाढतो, आणि तेच यंत्र असलेला दुसरा संग्राहक कधी ना कधी तो मागत येतो.