नेट बंद पडल्याचा पुरावा लॅपटॉपवरून कसा ठेवायचा आणि मग तक्रार, अपील कसं करायचं

मृग लागला की आमच्या गुहागर पट्ट्यात नेटचं काही खरं नसतं. कुठे माडाची झावळ पडते, कुठे फणसाची फांदी, फायबर तुटते आणि फोनवर एकच प्रश्न, राऊटर रिस्टार्ट केलात का? गेल्या पावसात माझं नेट पाच दिवस बंद होतं, कंपनीच्या रेकॉर्डला मात्र एकच दिवस, कारण मी पहिले चार दिवस गावातल्या केबलवाल्याला व्हॉट्सॲप करत बसलो होतो आणि ती तक्रार म्हणून कुणी धरतच नाही. यंदा आगोटीची कामं करता करता हेही करून ठेवलंय.

आधी पुरावा. जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) टाका आणि राऊटरला वायरने जोडा, वायफायने नको, नाहीतर वायफायचा घोळ आणि लाईनचा घोळ एकात एक मिसळतो. कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाईप करायच्या. पहिली, आयपी स्पेस लिंक. यात तुमच्या नेटवर्क पोर्टचं नाव दिसेल आणि पुढे स्टेट अप किंवा डाऊन. दुसरी, आयपी मायनस टी मॉनिटर लिंक. ही चालू ठेवली की पोर्ट पडला किंवा परत उठला की वेळेसकट ओळ येते, आणि वायर उपटून बघितलीत तर नो-कॅरिअर, म्हणजे वायरवर सिग्नलच नाही, असं लिहून येतं.

पण इथेच बहुतेक जण फसतात, मीही फसलो होतो. ही कमांड बघते फक्त लॅपटॉप ते राऊटर एवढी हातभर वायर. बाहेर खांबावर फायबर तुटून लोंबत असली तरी तुमचा पोर्ट आपला मजेत अप, त्याला काय पत्ता. म्हणून तीन ठिकाणी नजर ठेवायची: आपला पोर्ट, राऊटर आणि बाहेरचं जग. पिंग म्हणजे समोरच्याला सारखं 'आहेस का' विचारत राहणारी कमांड. राऊटरला पिंग (बऱ्याच घरांत त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो) आणि बाहेर ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला पिंग, दोन वेगवेगळ्या खिडक्यांत. पिंगला मायनस डी आणि मायनस ओ लावा, दोन्ही अक्षरं कॅपिटल. डी मुळे प्रत्येक ओळीला वेळ लागते, ती सेकंदांच्या लांबलचक आकड्यात असते, डेट कमांडने नेहमीच्या तारखेत करून घेता येते. आणि ओ नसेल तर नेट गेल्यावर पिंग नुसतं गप्प बसतं, म्हणजे नेमका पाहिजे तेव्हाच पुरावा नाही. शेवटी >> आणि फाईलचं नाव, की सगळं फाईलमध्ये जमा होत जातं. विंडोजवर पिंग मायनस टी चालतं पण त्यात वेळ येत नाही, त्यामुळे पुरावा म्हणून ते फारसं कामाचं नाही.

वाचायचं असं. राऊटर उत्तर देतोय आणि बाहेरचं बंद, तर घोळ बहुतेक कंपनीकडे. राऊटरच गप्प, तर आधी घरात बघा, लाईट गेली असेल. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि राऊटर बंद पडतो, मग कंपनी म्हणते तुमच्याकडेच वीज नव्हती आणि ते खरंही असतं. राऊटर इन्व्हर्टरवर घ्या. फायबरच्या डब्यावर एल-ओ-एस लिहिलेला दिवा लाल झाला म्हणजे फायबरमधून सिग्नलच येत नाहीये, त्याचा मोबाईलवर फोटो काढा, तारीख वेळ आपोआप राहते.

आता तक्रार कोण करू शकतं? ज्याच्या नावावर कनेक्शन तो ग्राहक. आमच्याकडे घोळ हा की घर गावात, कनेक्शन मुंबईतल्या काकांच्या नावावर आणि वापरणार आपण. तक्रार आणि अपील काकांच्याच नावाने, सही त्यांची घ्या, गणपतीला येतील तेव्हाच घेऊन ठेवा. ग्राहक आयोगात मात्र ग्राहकाच्या संमतीने सेवा वापरणारासुद्धा ग्राहकच धरतात.

कागद फार नाहीत. शेवटचं बिल किंवा रिचार्जची पावती ज्यावर ग्राहक क्रमांक आहे, डॉकेट नंबरचे (तक्रार क्रमांकाचे) एसएमएस, लाल दिव्याचे फोटो, लॉगची म्हणजे पिंगच्या नोंदींची फाईल. आणि स्वतः बनवलेला अर्ध्या पानाचा तक्ता, कधी बंद, कधी सुरू, एकूण किती तास. हजारो ओळींचा लॉग कुणी वाचत नाही हो, तक्ता वाचतात, लॉग सोबत जोडायचा. बिलावर कंपनीचं नाव नीट बघा, केबलवाला वेगळा आणि कंपनी वेगळी असं पुष्कळदा असतं.

पहिली पायरी कंपनीचं तक्रार केंद्र. फोन टोल फ्री, डॉकेट नंबर घेतल्याशिवाय ठेवायचा नाही, घड्याळ तिथूनच सुरू होतं. कुठल्या कंपनीचा कुठला नंबर ते ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) टीसीसीएमएस या तक्रारींच्या माहितीच्या पोर्टलवर मिळतं. ट्रायकडे थेट तक्रार पाठवू नका, ते एकेकट्या ग्राहकाची तक्रार बघत नाहीत.

उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही तर दुसरी पायरी अपील, तेही त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तीस दिवसांत करायचं, फी नाही, ईमेलने चालतं आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. त्याच्या सल्लागार समितीत ग्राहक संघटनेचा एक माणूस असतो.

मागायचं काय? २०२४ च्या सेवा दर्जा नियमांप्रमाणे घरच्या लाईनचा बिघाड तीन दिवसांच्या वर पडून राहिला तर भाड्यात सूट मिळते. आणि जिल्हा पातळीवर मोबाईल नेटवर्क २४ तासांच्या वर बंद असेल तर त्या दिवसांचं भाडं वजा, प्रीपेडला तेवढी व्हॅलिडिटी वाढवून. इथे एक मेख आहे, नैसर्गिक आपत्ती असेल तर हे लागू नाही. २०२० च्या निसर्गसारखं वादळ आलं तर मागू नका, पण साधा पाऊस म्हणजे आपत्ती नव्हे, कंपनी तसं म्हणाली तर लेखी मागा.

तिथेही नाही जमलं तर दूरसंचार विभागाकडे सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, किंवा जिल्हा ग्राहक आयोग. कंपन्या म्हणायच्या टेलिकॉमचं ग्राहक आयोगात चालत नाही, तो वाद सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मिटवलाय, चालतं. सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, मुदत दोन वर्षं. अर्ज ऑनलाईन करता येतो. आधी नुसतं विचारायचं असेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५.

यंदा मेच्या वळवाच्या पावसातच एकदा गेलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉकेट नंबर, चौथ्या दिवशी तक्ता ईमेल केला, पुढच्या बिलात सूट वजा होऊन आली. केबलवाला मात्र आता वाटेत दिसला की दुसऱ्या पाखाडीने जातो.