ड्रिफ्टिंग काउबॉइज

ड्रिफ्टिंग काउबॉइज : अमेरिकन कंट्री (ग्रामीण अमेरिकेतील लोकसंगीतातून आलेली शैली) गायक व गीतकार हँक विल्यम्स (१७ सप्टेंबर १९२३ – १ जानेवारी १९५३) यांचा साथीदार वाद्यवृंद. विल्यम्स यांच्या हयातीत त्याने केलेल्या साथीइतकेच महत्त्व त्यांच्या निधनानंतरच्या त्याच्या कार्याला आहे, कारण विल्यम्स यांची कारकीर्द वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीच संपली आणि त्यांच्या गाण्यांची मूळ वाजवणूक पुढे पन्नासहून अधिक वर्षे रंगमंचावर या वादकांच्या हातांनीच टिकवली.

वाद्यवृंदाच्या स्थापनेचा काळ निश्चित सांगणे अवघड आहे. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे, किशोरवयीन विल्यम्स डब्ल्यूएसएफए या आकाशवाणी केंद्रावर गाऊ लागले त्या सुमारास, हे नाव प्रथम वापरले गेले. काही चरित्रकार १९३७ हे वर्ष देतात, तर काही ते एक-दोन वर्षे पुढे नेतात. ब्रॅक्स्टन शफर्ट, फ्रेडी बीच व विनोदी कलावंत हेझी अडेअर ही आरंभीची नावे बहुतेक वृत्तांतांत येतात. दुसऱ्या महायुद्धात हा संच विखुरला. १९४३-४४च्या सुमारास विल्यम्स यांनी नवे वादक जमवले व त्यांत स्टील गिटारवादक डॉन हेल्म्स (१९२७–२००८) आणि गिटारवादक सॅमी प्रुएट हे आले. १९४८मध्ये विल्यम्स लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथे गेले, तेव्हा हेल्म्स त्यांच्याबरोबर गेले नाहीत. ११ जून १९४९ रोजी नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या साप्ताहिक कार्यक्रमात विल्यम्स प्रथम गायले आणि त्यानंतर जो संच उभा राहिला, तोच आज सामान्यतः या नावाने ओळखला जातो : हेल्म्स, फिडलवादक (व्हायोलिनवादक) जेरी रिव्हर्स, गिटारवादक बॉब मॅकनेट आणि बासवादक हिलस बुट्रम. १९५०मध्ये मॅकनेट यांच्या जागी प्रुएट परतले आणि बुट्रम यांच्या जागी हॉवर्ड वॉट्स आले. नाव एकच असले तरी माँटगोमेरीचा संच व नॅशव्हिलचा संच हे वेगळे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. एमजीएम कंपनीच्या तबकड्यांवर विल्यम्स यांच्या नावापुढे ‘आणि त्यांचे ड्रिफ्टिंग काउबॉइज’ असे छापलेले असे. मात्र त्यावरून साथ कोणाची हे ठरवता येत नाही. ‘लव्हसिक ब्लूज’ हे त्यांना देशभर नाव मिळवून देणारे गाणे २२ डिसेंबर १९४८ रोजी सिनसिनाटी येथे ध्वनिमुद्रित झाले आणि त्यात स्टील गिटार जेरी बर्ड यांची आहे. ‘आय अॅम सो लोनसम आय कुड क्राय’ (१९४९) हे गाणेही सिनसिनाटीत बर्ड यांच्याच साथीने ध्वनिमुद्रित झाले. याउलट ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ (ध्वनिमुद्रण डिसेंबर १९५०) आणि ‘हे, गुड लुकिन’ (मार्च १९५१) या गाण्यांत हेल्म्स आहेत. २३ सप्टेंबर १९५२च्या अखेरच्या ध्वनिमुद्रणात, ज्यात ‘युअर चीटिन हार्ट’ आहे, संचातील फक्त हेल्म्स होते. फिडल टॉमी जॅक्सन यांनी व गिटार चेट अॅटकिन्स यांनी वाजवली. त्यामुळे पुढे रिव्हर्स किंवा मॅकनेट रंगमंचावर ही गाणी वाजवत, तेव्हा ते तबकडीची नक्कल करत होते असे म्हणण्यापेक्षा दौऱ्यांवर घडलेली वाजवणूक सांगत होते, असे मानणे योग्य ठरेल. तबकड्यांत न उमटलेली ही बाजू १९५१च्या सकाळच्या पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमांत ऐकू येते. ‘मदर्स बेस्ट’ या पिठाच्या जाहिरातीसाठी नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावरून ते प्रसारित होत. त्यांच्या टिकून राहिलेल्या ध्वनिमुद्रित तबकड्या दीर्घ न्यायालयीन वादानंतर २००८पासून प्रकाशित होऊ लागल्या.

वाद्यवृंदाच्या ध्वनीचा गाभा म्हणजे हेल्म्स यांची स्टील गिटार. हे वाद्य त्याला जोडलेल्या उभ्या पायांवर किंवा वादकाच्या मांडीवर आडवे ठेवतात. डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवर सरकवून मींडेसारखे सलग स्वर काढतात. मराठी श्रोत्यांना त्याचे भावंड ‘हवाईयन गिटार’ या नावाने जुन्या वाद्यवृंदांतून परिचित आहे. हेल्म्स यांचे वाद्य गिब्सन कंपनीचे दोन दांड्यांचे, प्रत्येक दांडीवर आठ तारांचे आणि पेडलरहित (तारांचा स्वर पायाने बदलण्याची सोय नसलेले) होते. निर्माते फ्रेड रोझ यांनी त्यांना वरच्या सप्तकातच वाजवण्यास सांगितले, असे सांगितले जाते. गायकाचा आवाज ज्या पट्ट्यात आहे तो मोकळा राहावा, हा त्यामागचा हेतू. म्हणून त्यांच्या आरंभीच्या ओळी तीक्ष्ण, जवळजवळ रडव्या वाटतात आणि पहिल्या दोन-तीन स्वरांतच गाणे ओळखू येते. ‘युअर चीटिन हार्ट’च्या प्रारंभी ती ओळ वरून खाली घसरत येते आणि ती थांबते तिथे शब्द सुरू होतो. संचात ढोल नव्हता. विजेच्या गिटारीच्या खर्जाच्या तारा हाताच्या कडेने दाबून काढलेला कोरडा ठोका त्याचे काम करी. १९५४च्या सुमारास पेडल असलेली स्टील गिटार लोकप्रिय झाली व बहुतेक वादक तिच्याकडे वळले. हेल्म्स अखेरपर्यंत जुन्याच वाद्यावर राहिले. या निष्ठेमुळेच मूळ ध्वनी जसाच्या तसा पुढे आला, असे प्रस्तुत नोंदीत मानले आहे.

ऑगस्ट १९५२मध्ये ऑप्रीने विल्यम्स यांना काढून टाकले आणि संच त्यांच्यापासून बराचसा वेगळा झाला. १ जानेवारी १९५३ रोजी ओहायोतील कँटन येथे कार्यक्रम होता. हेल्म्स तेथे पोहोचले होते. गायक मात्र वाटेतच, मोटारीच्या मागच्या आसनावर, मरण पावले होते. कार्यक्रम रद्द झाला नाही. त्या दिवशी त्यांचेच ‘आय सॉ द लाइट’ हे भजन गायले गेले. ४ जानेवारीला माँटगोमेरीच्या नगर सभागृहातील अंत्यविधीत ज्येष्ठ गायकांच्या मागे साथीला हेच वादक होते.

त्यानंतर काही काळ संचाने विल्यम्स यांचे मित्र रे प्राइस यांना साथ केली. परंतु आपले गाणे दिवसेंदिवस हँकसारखे होत चालले आहे, हे प्राइस यांच्या लक्षात आले आणि त्यांनी स्वतंत्र वाद्यवृंद उभारला. साथीचा ठसा गायकापेक्षाही खोल असू शकतो, याचे हे एक उदाहरण होय. हेल्म्स पुढे नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रणात रमले. पॅट्सी क्लाइन यांच्या ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’मध्ये (१९५७) त्यांचीच स्टील आहे. रिव्हर्स यांनी विल्यम्स यांच्यावर आठवणींचे पुस्तक लिहिले. १९६०च्या दशकातील संचाच्या एकत्रित कार्यक्रमांची माहिती तुटक आहे.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात हेल्म्स, रिव्हर्स, मॅकनेट व बुट्रम हे चौघे पुन्हा एकत्र आले आणि विल्यम्स यांची गाणी सादर करणाऱ्या जिम ओवेन यांच्याबरोबर त्यांनी दौरे केले. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून हेल्म्स व रिव्हर्स यांनी जेट विल्यम्स यांना साथ दिली. विल्यम्स यांच्या या कन्येचा जन्म वडिलांच्या मृत्यूनंतर पाच दिवसांनी झाला होता व तिचे नाते न्यायालयाने बऱ्याच वर्षांनी मान्य केले. जिने वडिलांना पाहिलेही नव्हते, तिच्या गाण्याआधी तीच आरंभीची ओळ तोच वादक त्याच वाद्यावर वाजवत असे. रिव्हर्स यांचे १९९६मध्ये, बुट्रम यांचे २००२मध्ये व हेल्म्स यांचे ११ ऑगस्ट २००८ रोजी निधन झाले. हेल्म्स यांना काही ठिकाणी ‘अखेरचा ड्रिफ्टिंग काउबॉय’ म्हटले जाते. तथापि मॅकनेट त्यानंतरही काही काळ हयात होते आणि आरंभीच्या संचातील शफर्ट तर २०१३पर्यंत. त्यामुळे हे विशेषण नॅशव्हिलच्या संचापुरतेही सावधपणेच वापरावे लागते.